तिसरं कोटेशन

"फक्त आकडा वाचा, मास्तर. बाकीचं इंग्रजी राहू द्या तुमच्या शाळेत," खजिनदार आरोलकर म्हणाले आणि तिसरं पाकीट कात्रीने कापून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं.

मी आकडा वाचला. "पंच्याण्णव रुपये."

"किती?"

"पंच्याण्णव."

आरोलकरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत चढवला. चष्म्याने ऐकू येत असावं. मग त्यांनी समितीच्या प्रत्येक सदस्याकडे एकेकदा पाहिलं. बघा, मी नसतो तर तुमचं काय झालं असतं, असं त्या पाहण्यात होतं.

वेंगुर्ल्याच्या भाई तुळसकरांचा सोडावॉटरचा कारखाना होता. त्यामागच्या खोलीत आमच्या तालुका कॅरम मंडळाच्या सभा व्हायच्या. भाई मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे खोली त्यांची आणि सोडा फुकट. आरोलकर खजिनदार. मी सहचिटणीस, कारण हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा मी एकटाच मंडळात होतो आणि इंग्रजी पत्रं कोणीतरी लिहायला हवीत. आणखी दोन सदस्य होते, त्यांचा मंडळाशी संबंध बिस्किटांपुरता. ही १९९२ सालच्या मार्चमधली गोष्ट आहे. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो आणि त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांपेक्षा मी हुशार आहे याविषयी मला काडीचीही शंका नव्हती.

खोक्यांच्या थप्पीला टेकून कोपऱ्यात शालन गावडे उभी होती. सगळा खटाटोप चालला होता तो तिच्यासाठी.

शालन काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. त्या चिकाने तिची बोटं कायम काळवंडलेली असत, पण त्याच बोटांनी ती स्ट्रायकर असा मारी की सोंगटी घरात जाताना आवाजसुद्धा होत नसे. जिल्ह्यात तिला हरवणारं कोणी नव्हतं, बायकांत नाही आणि पुरुषांतही नाही. जर्मनीतल्या एका गावच्या कॅरम क्लबने मे महिन्यात एक खुली स्पर्धा ठेवली होती. त्यात तिचं नाव स्वीकारलं गेलं होतं. राहणं-जेवण त्यांचं. विमानाचं तिकीट मुंबईतल्या एका वेंगुर्लेकर व्यापाऱ्याने देऊ केलं होतं. पासपोर्टही हातात पडला होता. मंडळाने करायचं एवढंच, की तिची एकशेवीस जर्मन मार्क प्रवेश फी एकतीस मार्चच्या आत तिथे पोचवायची.

तिच्या दृष्टीने हा काही सहलीचा मामला नव्हता. एका सरकारी कंपनीत खेळाडूंच्या कोट्यातून एक जागा निघणार होती आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र असेल तर ती जागा तिची, असं तिथल्या अधिकाऱ्याने तिला स्वच्छ सांगितलं होतं. वयाची अट सत्तावीस. ती ऑगस्टमध्ये सत्तावीस पूर्ण करणार होती.

एकशेवीस मार्क म्हणजे तेव्हाचे दोन हजारांच्या आसपास रुपये. ते मंजूर करायला मंडळाला दहा मिनिटं लागली. पण ते पाठवायचे कसे आणि पाठवणावळ किती द्यायची, यावर फेब्रुवारीतली एक अख्खी सभा खर्ची पडली.

"मनीऑर्डर जात नाही का?" एका बिस्किटवाल्याने विचारलं. त्या वर्षातलं हे त्याचं एकमेव वाक्य.

"माझो भाचो बोटीर आसा," भाई म्हणाले. "तेची बोट थयच खय तरी लागता. तो हातात नेऊन दियत."

"कधी लागते?"

"ता तेका पण ठाऊक नसता."

मग भाईंनी दुसरी कल्पना काढली, की तेवढ्या किमतीचे काजूच पार्सल करावेत, जर्मन लोकांना काजू आवडतात. मी हसलो. एकटाच हसलो, कारण बाकीचे त्यावर गंभीरपणे विचार करत होते.

मी आधीच चौकशी करून आलो होतो. आमच्या गावच्या सरकारी बँकेचे मॅनेजर म्हणाले होते की त्यांच्या कोल्हापूरच्या शाखेतून मार्कांचा ड्राफ्ट मिळेल, खर्च तीनशे दहा रुपये, रक्कम पूर्णच्या पूर्ण पोचेल. मी तसं सभेत सांगितलं.

"तीनशे दहा?" आरोलकर ओरडले. "दोन हजार पाठवायला तीनशे दहा? अहो, एवढ्यात मनुष्य मुंबईला जाऊन येईल!"

"मुंबईला नाही, जर्मनीला पाठवायचेत."

"ते मला कळतं. पण नियम तो नियम. खर्च कसलाही असो, तीन कोटेशनं."

हा नियम आरोलकरांचं अपत्य होता. पूर्वी कोणीतरी दोन कॅरम बोर्ड आपल्या मेव्हण्याच्या दुकानातून दीडपट भावाने घेतले होते, तेव्हापासून मंडळात तीन बंद पाकिटांशिवाय साधी पावडरही येत नसे. आरोलकर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. दस्तावर मुद्रांक बरोबर लागलेत की नाही एवढंच त्यांनी तीस वर्षं पाहिलं. दस्तात काय लिहिलंय हे वाचण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नाही.

शालन कोपऱ्यातून म्हणाली होती, "आरोलकरानू, वयले तीनशे रुपये मी भरतंय. पगार झालो की देतंय."

तीनशे रुपये म्हणजे तिचा अर्ध्या महिन्याचा पगार.

"तसं चालणार नाही," आरोलकर म्हणाले. "खेळाडू मंडळाचा, खर्च मंडळाचा. खेळाडूने पैसे भरले तर ते देणगीत दाखवायचे की कशात? हिशेबतपासनीस मला फाडून खाईल."

हिशेबतपासनीस म्हणजे त्यांचाच चुलतभाऊ. तो माशीलाही फाडून खाणारा नव्हता. पण ठराव झाला, तीन कोटेशनं मागवावीत, आणि त्यात मार्च उजाडला.

तर त्या दिवशी ती तीन पाकिटं उघडली. पहिलं गावच्या बँकेचं, तीनशे दहा. दुसरं पणजीच्या एका बँकेचं, दोनशे पासष्ट. आणि तिसरं पणजीच्याच एका खाजगी वित्तसंस्थेचं, पंच्याण्णव. ते तारेने पैसे पाठवणार होते.

तिसऱ्या पत्रात आकड्याखाली बारीक टायपात आणखी एक ओळ होती. ती मी मनातल्या मनात वाचली. मग आरोलकरांकडे पाहिलं. ते आधीच ठराव सांगायला लागले होते.

"लिहा मास्तर. सर्वांत कमी दराचं तिसरं कोटेशन मंजूर. मंडळाची बचत रुपये दोनशे पंधरा. खजिनदारांनी दाखवलेल्या दक्षतेबद्दल त्यांचे आभार."

"आभार तुम्हीच मांडणार?"

"भाई मांडतील. तुम्ही लिहा."

मी लिहिलं. सुबक अक्षरात लिहिलं. लिहिताना मला इतकं हसू येत होतं की मी ओठ दाताखाली धरून बसलो होतो.

सभा संपल्यावर मी सायकल काढली तर शालन फाटकाशी उभी होती. ती माझीच विद्यार्थिनी. दहावीला इंग्रजीत नापास झाली आणि तिथूनच काजूच्या कारखान्यात गेली. पेपर मीच तपासला असता तर कदाचित पाच मार्क वाढवले असते, पण बोर्डाचा पेपर माझ्याकडे कुठला यायला.

"मास्तर," ती म्हणाली, "पैशे पोचतले मां?"

"पोचतील की."

"तसा न्हय. कमी पैशात पाठवतत, म्हणान इचारलंय. तुमी वाचलास तां पत्र. काय वाकडातिकडा नाय मां?"

तिने सरळ विचारलं होतं. मी एक पाय पेडलवर ठेवून म्हणालो, "अगं, बँकेचं काम आहे, त्यात वाकडं काय असणार? तू सराव कर."

ती हसली. सरावाचं तिला सांगायला नको होतं. पहाटे कारखान्यात जायच्या आधी दोन तास आणि संध्याकाळी आल्यावर दोन तास ती बोर्डावर असायची. मी सायकलवर टांग टाकली आणि तुळस गावच्या चढापर्यंत शीळ घालत गेलो.

त्या ओळीत काय होतं ते सांगतो. तिथे लिहिलं होतं, की परदेशातल्या बँका आपापलं शुल्क पाठवलेल्या रकमेतून वळतं करून घेतील आणि त्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर राहील. म्हणजे आपण एकशेवीस मार्क पाठवायचे आणि समोरच्याच्या हातात किती पडतील ते वाटेतल्या बँकांच्या मर्जीवर. पंच्याण्णव रुपयांचं गुपित हे होतं. नववीतल्या बऱ्या पोरालाही कळलं असतं.

मी का बोललो नाही? मला ते स्वच्छ आठवतं. मला आरोलकरांची फजिती बघायची होती. दहा वर्षं मी त्यांची तीन पाकिटं सहन केली होती, त्यांचं 'फक्त आकडा वाचा' सहन केलं होतं. माझा हिशेब साधा होता. पैसे वीसेक मार्कांनी कमी पोचतील, जर्मन लोक पत्र लिहितील, मग तेवढेच मार्क तीनशे दहा रुपये खर्चून पुन्हा पाठवावे लागतील, आणि ते पत्र मी भर सभेत वाचेन. 'मागितला आकडा, दिला आकडा,' हे वाक्यसुद्धा मी तयार करून ठेवलं होतं. शाळेत मुलांची वाक्यं तपासताना मध्येच ते आठवून मला गुदगुल्या व्हायच्या.

तीन आठवडे मी त्या वाक्यावर जगलो.

जर्मनीचं पत्र आलं ते अकरा एप्रिलला. शाळेच्या पत्त्यावर, माझ्या नावे. क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी अतिशय सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं. तुमचे सत्त्याण्णव मार्क आम्हाला पंचवीस मार्चला मिळाले. उरलेल्या तेवीस मार्कांबद्दल आम्ही लगेच पत्र टाकलं, पण मुदतीत उत्तर आलं नाही. जागा बत्तीसच आहेत आणि प्रतीक्षायादी मोठी आहे, त्यामुळे नियमाप्रमाणे जागा पुढच्या खेळाडूला देण्यात आली. फार वाईट वाटतं. रक्कम परत पाठवत आहोत.

त्यांचं ते 'लगेच टाकलेलं' पत्र आणखी चार दिवसांनी आलं. आणि परत पाठवलेल्या सत्त्याण्णवातले एकाहत्तर मार्क मे महिन्यात पोचले. जाताना ज्यांनी हात मारला होता त्यांनी येतानाही मारला.

पत्र वाचून मला धक्का बसला. बसलाच. पण खोटं कशाला बोलू, त्या धक्क्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी वर आलं आणि ते दुःख नव्हतं. आता आरोलकर सुटत नाहीत, असं मला वाटलं. आधी वाटलं होतं त्यापेक्षा मोठी फजिती होणार होती. मी त्याच संध्याकाळी तातडीची सभा बोलावली.

सगळे आले. शालनही आली, कारखान्यातून थेट, हाताला चिकापासून वाचायला चोळलेली राख तशीच. तिला बातमी लागली होती. पोस्टमनने परदेशी पत्राची गोष्ट अख्ख्या बाजारात केली होती.

मी पत्र वाचून दाखवलं, मग मराठीत सांगितलं.

"हा त्या जर्मन बँकेचा चावटपणा आहे," आरोलकर म्हणाले. "आपण पूर्ण एकशेवीस पाठवलेत. पावती आहे माझ्याकडे. निषेधाचा ठराव लिहा, मास्तर."

"कोणाच्या निषेधाचा?"

"त्या बँकेच्या."

"आधी हे ऐका," मी म्हणालो, आणि फाईलमधून तिसरं कोटेशन काढलं. मी ते लाल पेन्सिलीने अधोरेखित करून आणलं होतं. उभं राहून, वर्गात वाचतो तसं, शब्द न शब्द सुटा करत ती ओळ आधी इंग्रजीत वाचली आणि मग मराठीत. "परदेशातील बँकांचे शुल्क पाठवलेल्या रकमेतून वळते केले जाईल. जबाबदारी पाठवणाऱ्याची. आरोलकर, हे तुमच्या पंच्याण्णव रुपयांच्या खाली लिहिलंय. त्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलंत? फक्त आकडा वाचा. मागितला आकडा, दिला आकडा!"

वाक्य अगदी ठरवल्यासारखं बाहेर पडलं. आरोलकरांनी पत्र हातात घेतलं. उलटंसुलटं केलं. त्यांचा चेहरा पाहता पाहता म्हातारा झाला. भाई तुळसकर म्हणाले, "अरे देवा," आणि बसल्या जागी कपाळाला हात लावला.

मी खाली बसलो. मला वाटलं आता कोणीतरी म्हणेल, मास्तर, तुमचं ऐकायला हवं होतं.

"ही वळ तेवा पण होती?" शालनने विचारलं.

ती खोक्यांपासून पुढे आली होती. माझ्याकडे बघत होती.

"होती ना," मी म्हणालो. "पहिल्यापासून होती. पण यांना आकडाच हवा होता."

"तुमी वाचलेली?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी. पाकीट फोडला तेवा. तुमी वाचलेली ती वळ?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला कळलं की दोनच उत्तरं आहेत. नाही म्हणालो तर माझी आताची सगळी मर्दुमकी फुकट. हो म्हणालो तर फाटकापाशी एक पाय पेडलवर ठेवून मी तिला काय सांगितलं होतं ते तिला आठवत असणारच. मी समितीकडे पाहिलं. बिस्किटवाले दोघेही माझ्याकडे बघत होते. भाईंनी कपाळावरचा हात काढला होता.

"शालन, तो सभेचा नियम होता..." मी म्हणालो.

"मी सभेत नाय इचारलंय तुमका. भायर इचारलंय."

आरोलकर तेवढ्यात उठले. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "पोरी, माझी चूक झाली," ते म्हणाले. "मला वाटलं, मंडळाचे दोन पैसे वाचतील." ज्या माणसाला लोळवायला मी तीन आठवडे एक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं, त्याने एका मिनिटात माझ्या कुवतीबाहेरची गोष्ट केली.

"तुमचा काय नाय, आरोलकरानू," ती म्हणाली. मग तिने कोपऱ्यातल्या कपाटातून आपला स्ट्रायकर घेतला. मंडळाच्या त्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची, ती तिने टेबलावर ठेवली. दाराशी गेल्यावर ती वळली.

"तेंका इंग्लिश वाचूक येना नाय, मास्तर. तुमका येता."

ती परत कधी मंडळात आली नाही. ऑगस्टमध्ये तिला सत्तावीस वर्षं पूर्ण झाली. सरकारी कंपनीतली ती जागा मालवणच्या एका मुलाला मिळाली, तो शालनकडून तीनदा हरलेला होता. शालन काजूच्या कारखान्यात आणखी एकोणीस वर्षं होती.

आरोलकरांनी पुढच्याच सभेत राजीनामा दिला. खजिनदारपद सर्वानुमते माझ्याकडे आलं. मी ते घेतलं, आणि पहिल्या बैठकीतच ठराव करून तीन कोटेशनांचा नियम रद्द केला. कोणी विरोध केला नाही.

आता मी निवृत्त आहे. परवा माझ्या नातवाने परदेशातल्या कुठल्याशा कॉलेजची फी मोबाईलवरून भरली, चहा निवायच्या आत. पाठवणावळ किती पडली ते त्याने मला कौतुकाने दाखवलं. मी मोबाईल हातात घेतला आणि आकड्याखालच्या सगळ्या ओळी वाचायला लागलो. तो कंटाळून म्हणाला, "आजोबा, ते कोणी वाचत नाही हो."

काल बाजारात शालन दिसली. माशांच्या टोपलीपाशी भाव करत होती. बोटं अजून काळीच होती. मी नमस्कार केला. तिने ओळख दिली, बरे आहात का विचारलं, आणि बांगडे पिशवीत घालून निघून गेली. मास्तर म्हणाली नाही.